कंबर बघून मासळी

घोडपदेवच्या नाक्यावर मासे विकायला बसणाऱ्या एका बाईने मला सलग अकरा वर्षं पापलेट दिलं नाही. माझ्या खिशात पैसे होते, तिच्या पाटीत पापलेट होतं, मधे फक्त बर्फ होता. तरीही नाही. सुरुवातीला मला वाटायचं, कुणा जुन्या गिऱ्हाइकासाठी राखून ठेवलं असेल. मग एकदा माझ्यादेखत तिने ते माझ्या मागे उभ्या असलेल्या काटकुळ्या मास्तरांना देऊन टाकलं. मी कारण विचारलं, तेव्हा माझ्या पोटाकडे बघून म्हणाली, "त्यांना जिरतं. तुझं दिसतं."

आमच्या भागात तिला सगळे डाएटवाली म्हणत. अर्थात पाठीमागे. तोंडावर मावशी. साठीची असेल, अंगाने शिडशिडीत, आणि बसल्या जागेवरून माणसाला वरपासून खालपर्यंत असं बघायची की आपण नकळत पोट आत घ्यायचो. त्याचा उपयोग होत नसे. "सोड श्वास," म्हणायची, "मी मोजलं." शीवच्या कोळीवाड्यातून ती पहाटे भाऊच्या धक्क्यावर जायची. तिथे लिलावात पाटीचं वजन काट्याशिवाय, नुसत्या नजरेने ओळखावं लागतं. चुकलं तर दिवसाचं नुकसान. चाळीस वर्षं हे केल्यावर तिला माणसाचं वजनही तसंच कळायला लागलं असावं. मला भर रस्त्यात म्हणाली होती, "एक्क्याण्णव." मी घरी जाऊन काट्यावर उभा राहिलो. एक्क्याण्णवच होतं. चप्पल काढल्यावर साडेनव्वद.

तिचा राग पापलेटावर नव्हता, तव्यावर होता. तिचं म्हणणं असं, की मासा कधी कुणाला जाड करत नाही, त्याला ज्या तेलात पोहायला लावतात ते करतं. आणि पापलेट विकत घेऊन त्याचं पातळ कालवण करणारा माणूस तिने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. म्हणून ज्याची कंबर तिला पसंत नाही, त्याला पापलेट मिळत नसे. इतर मासळी मिळे, पण कापून अशी, की तळताच येऊ नये. बांगड्याचे ती तीन आखूड तुकडे करी. बोंबील तळायचे तर आधी उभे चिरून, दाबून त्यांचं पाणी काढावं लागतं. ती ते करून देत नसे, लिबलिबीत तसेच पिशवीत टाकी. सुरमईच्या गोल, सारख्या तुकड्यांसाठी लोक जीव टाकतात. ती सुरमई अशी वेडीवाकडी तोडायची की एकही तुकडा तव्यावर धड बसू नये. एकदा एका भरदार हवालदारांनी तिला दम दिला, की नीट गोल तुकडे कर. तिने ऐकून घेतलं आणि होते त्या तुकड्यांचे आणखी दोन-दोन केले. हवालदार ते घेऊन गेले. पुढच्या रविवारी परत आले.

मला नवल तिचं वाटायचं नाही, आमचं वाटायचं. चार पावलांवर दुसऱ्या तिघी बसत. त्या हसून विचारत, "काय देऊ, दादा?" आणि जे मागाल ते, जसं मागाल तसं कापून देत. तरी रांग हिच्याकडे. एक तर तिची मासळी ताजी असे. दुसरं म्हणजे, आपल्या पोटाची इतकी काळजी फुकटात दुसरं कोण करणार?

ती अशी का झाली, याची कारणं लोकांनी पुष्कळ शोधली. कुणी म्हणे तिचा भाऊ हृदयविकाराने गेला. कुणी म्हणे मुलगी गेली. मी एकदा सरळ विचारलं. तिला भाऊ नव्हता, आणि मुलगी नालासोपाऱ्याला मजेत होती. नवरा तर चांगला दोन माणसांच्या वजनाचा होता आणि रोज दुपारी तळलेली कोलंबी खाऊन झोपायचा. "त्याला नाही का सांगत?" मी म्हटलं. "तो कुठे माझं गिऱ्हाईक हाय?" ती म्हणाली. थोडक्यात, दुःखद असं काही नव्हतं. माणसाला स्वतःचं खाणं कळत नाही आणि आपल्याला कळतं, एवढंच तिचं मत होतं, आणि ती ते अमलात आणत होती.

आता ती बसत नाही. गुडघे गेले. तिच्या जागी सून बसते. ती गोड बोलते, गोल तुकडे करते, आणि धंदा म्हणे वाढला आहे. मी तिथून पापलेट घेतो. पण घेताना चोरी केल्यासारखं वाटतं.

ती बसत असतानाच मधे एक दिवाळी अशी आली की मला वजन उतरवणं भाग पडलं. माझी ताई शीवला दिली आहे. दारूचा थेंब कधी न शिवलेली, उपासतापास करणारी बाई, आणि तिचं यकृत निकामी झालं. शरीरच आपल्या यकृतावर उलटतं, असा काहीतरी आजार होता. डॉक्टरांनी सांगितलं, घरच्या कुणीतरी यकृताचा तुकडा द्यावा लागेल. देणाऱ्याचं पुन्हा वाढतं. भावजींचा रक्तगट जुळेना. आईचं वय बसेना. उरलो मी. माझा रक्तगट जुळला, वय बसलं, लग्न व्हायचं होतं त्यामुळे बायकोची संमती घ्यायचा प्रश्न नव्हता. मी मनात थोडा फुगलोही होतो. मग माझा स्कॅन आला. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या यकृतावरच इतकी चरबी आहे की ते तुम्हालाच कसंबसं पुरतंय. वजन कमी करा, चार महिन्यांनी पुन्हा बघू. त्याहून फार थांबता येणार नाही." ताई शेजारीच बसली होती. डोळे हळदीसारखे पिवळे. ती मला म्हणाली, "असू दे रे, ताण घेऊ नको." त्या 'असू दे'ने मला जितकी लाज वाटली, तितकी आयुष्यात कशाने वाटली नाही.

पहिले आठ दिवस मी सगळ्यांसारखेच प्रकार केले. फोनमध्ये पावलं मोजणारं काहीतरी घेतलं. ओट्स आणले. लालबागला एका जिममध्ये नाव घातलं. रविवारी नाक्यावर गेलो आणि मावशीला सगळं सांगितलं, कारण कुणाला तरी सांगायचंच होतं आणि त्या दिवशी तिच्यापुढे रांग कमी होती. तिने कोयता खाली ठेवला. तिने कोयता खाली ठेवलेला मी पहिल्यांदा पाहिला.

"किती दिवस?"

"चार महिने."

"कधीपासनं?"

"आठ दिवस झाले."

"आठ दिवस घालवलंस," ती म्हणाली. "उद्या साडेसहाला धक्क्यावर ये."

जिम तिने पहिल्याच दिवशी बंद केली. "तिथं आरसे असतात," ती म्हणाली, "माणूस बघत बसतो." ओट्स शेजारच्या बाईच्या कोंबड्यांना गेले. तिचा कार्यक्रम साधा होता. धक्क्यावर खरेदी झाली की तिची मोठी पाटी टेम्पोने येई. छोटी, बर्फासकट पंधराएक किलोची, माझ्या डोक्यावर. माझगावातून घोडपदेवपर्यंत चालत. मी माझगावातच एका जहाज-एजंटाच्या कचेरीत कामाला आहे. म्हणजे मी रोज माझगावला जायचो, तिथून डोक्यावर मासे घेऊन घरी यायचो, आंघोळ करायचो आणि मग चालत माझगावला कामावर जायचो. आंघोळीचा फारसा उपयोग होत नसावा. महिन्याभरात साहेबांनी मला खिडकीजवळची जागा दिली, जी वीस वर्षं नोकरी झालेल्यांनाही मिळाली नव्हती.

जेवणाचे नियमही तिचेच. भात एक मूठ. मूठ माझी नाही, तिची. कालवण कोकम, हळद, तिरफळ आणि पाण्याचं, त्यात नारळ नाही. संध्याकाळी सातनंतर तोंड बंद. तळलेलं फक्त मयताच्या घरी दिलं तर, आणि तिथे जायचं नाही. मालवणी माणसाला नारळाशिवाय कालवण खा म्हणणं म्हणजे त्याचं घरदार काढण्यासारखं आहे. पण मी खाल्लं. आईने करून घातलं. एक शब्द न बोलता घातलं, हे तेव्हाच खटकायला हवं होतं.

महिना झाला. मी काट्यावर उभा राहिलो. नव्वद.

दुसरा महिना निम्मा झाला. एक्क्याण्णव.

मला घाबरल्यासारखं झालं. ताईचं पोट पाण्याने फुगायला लागलं होतं, दर पंधरवड्याला ते पाणी काढावं लागे. मी भात सोडला. जिने चढलो-उतरलो. रात्री उपाशी पोटी स्वतःला शिव्या देत पडायचो, की सख्ख्या बहिणीसाठी ज्याला पोट आवरत नाही तो कसला माणूस. मावशी रोज मला न्याहाळायची, मोजायची आणि पाटी डोक्यावर चढवायची. शेवटी एका रविवारी ती म्हणाली, "तू चोरून खातोस."

मी देवाची शपथ घेतली. ताईची घेतली.

"मग पितोस."

"चहासुद्धा बिनसाखरेचा."

"आणि?"

"आणि काही नाही. सोलकढी, तेवढीच."

तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू मी सकाळ-संध्याकाळ डालड्याचा डबा तोंडाला लावत होतो. आता यात माझी बाजू सांगायला हवी. आमच्यात सोलकढी हे खाणं मानत नाहीत. ते औषध आहे. जेवण जड झालं तर सोलकढी, पित्त झालं तर सोलकढी, हलकं वाटावं म्हणून सोलकढी. अन्नात तिची गणती करावी हे कुणा मालवण्याच्या डोक्यात येणार नाही, माझ्याही आलं नाही. आई जेवणाआधी एक तांब्या देई, जेवणानंतर एक. भूक लागली म्हणालो तर मधेही देई. दाट, पांढरीगुलाबी, वर लसणाचा वास.

"नारळाचं दूध हाय ते," मावशी म्हणाली. "तांब्या तांब्या?" तिच्या रांगेत पलीकडे नारळवाला बसतो. तिकडे बघत ती हळू आवाजात म्हणाली, "तुझी आई पहिली आठवड्याला दोन नारळ न्यायची. आता रोज दोन नेते."

मला त्यात काही कळलं नाही. तिला कळलं. तिने शेजारणीला पाट्यांकडे लक्ष ठेवायला सांगितलं, हात पुसले आणि ऐन रविवारी, ऐन धंद्याच्या वेळी उठली. मी मागोमाग. आमच्या चाळीचे तीन जिने ती न थांबता चढली.

आई विळीवर खोबरं खवत बसली होती. मावशी तिच्या समोर जमिनीवरच बसली. मी दारात.

"बाय, रोज दोन नारळ कशाला गो?"

"आमच्यात लागता," आई म्हणाली.

"पहिलं लागत नव्हतं."

आई खवत राहिली. मला वाटलं आता मावशी तिची नेहमीची तोफ डागणार. तिने विळीभोवती सांडलेलं खोबरं गोळा करून ताटात टाकलं. मग आईचा हात थांबला. ती मान वर न करता म्हणाली, "जाडो ऱ्हवलो तर डॉक्टर घेवचे नाय मां तेका."

माझ्या लक्षात यायला दोन क्षण गेले.

"एक चेडू माझा, ह्येची ताय, आधीच त्या दारात उभा असा," आई म्हणाली. "ह्येकाय मी माझ्या हातान थयसर धाडू? दोनच असत माका."

आईचा मला राग आला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. इतका आला की मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. दीड महिना मी स्वतःला नालायक समजत होतो, आणि माझी आई मला रोज दोन नारळांनी राखत होती. पण तिथे उभं राहिल्यावर हेही दिसलं, की मी ताईचा भाऊ म्हणून सारखा हिशेब मांडत होतो आणि आईचा हिशेब मी एकदाही विचारला नव्हता. तिने दोन्ही मुलं एकदम ऑपरेशनच्या टेबलावर ठेवायची होती.

आत मावशीचा आवाज आला. इतक्या वर्षांत इतका मऊ आवाज मी तिचा ऐकला नव्हता. "मी त्याला बारीक करते, मना तेवढंच येतं. पाठवायचं का नाय, ते तू ठरव. नको वाटलं तर तोंडावर नको म्हण. पण असं नको करू. पोराला वाटतंय त्याच्यातच खोट हाय."

मग ती उठली आणि निघून गेली. जाताना माझ्याकडे बघितलंही नाही.

चार दिवस नुसतं ताट पुढे यायचं, रिकामं परत जायचं. सोलकढी नसायची. पाचव्या दिवशी ती ताईकडे शीवला गेली आणि संध्याकाळी परतली. तिथे काय झालं ते मला दोघींनीही आजवर सांगितलेलं नाही. रात्रीच्या जेवणात ताटाजवळ एक छोटी वाटी होती. त्यात नुसत्या कोकमाची कढी, लालभडक, आरपार दिसणारी, नारळाचं बोटसुद्धा न लागलेली. "पी," आई म्हणाली. "पचाक बरी." आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

त्यानंतर वजन असं उतरलं की कचेरीत लोक काळजीने विचारू लागले. शेवटच्या पंधरवड्यात मावशीने पंधरा किलोची पाटी वीसची केली आणि मला सांगितलं नाही. डॉक्टरांकडे गेलो त्या सकाळी तिने पाटीमागून बघितलं आणि म्हणाली, "एकोणऐंशी." रुग्णालयाचा काटा एकोणऐंशीवर थांबला. स्कॅन झाला. डॉक्टर दोनदा वाचून म्हणाले, "काय केलंत हो?" मी म्हटलं, मासे वाहिले. त्यांनी ते लिहून घेतलं नाही.

ऑपरेशन झालं. ताई आता बरी आहे, तिचे डोळे पांढरे आहेत आणि ती पुन्हा माझ्यावर खेकसते. माझं यकृत म्हणे होतं तेवढं वाढलंय. हे सगळं नीट पार पडलं म्हणून मी ते इतक्या निवांतपणे सांगू शकतो आहे, याची मला जाणीव आहे.

ऑपरेशनच्या दिवसाबद्दल मला अर्थातच काही ठाऊक नाही. मी आत होतो, ताई पलीकडच्या खोलीत होती. सकाळी सातला नेलं आणि दिवस मावळायला आला तरी बाहेर काही कळत नव्हतं, एवढं भावजींनी सांगितलं होतं. मावशी तिथे होती हे मला कळलं ते जवळजवळ वर्षाने, आणि तेही आईने चहाच्या वेळी सहज काढलं म्हणून. मी मावशीची नक्कल करत होतो, पोटाकडे बघून "सोड श्वास" म्हणण्याची. आई हसली नाही.

"ती इल्ली हुती," आई म्हणाली. "धंदो बंद ठेवन. दिवसभर माझ्या बाजूक बसान ऱ्हवली."

"काय म्हणाली?"

"काय्येक नाय. भायर जावन बटाटेवडे घेवन इली. माका एक दिल्यान, माझ्या घशाखाली उतराक नाय. मगे तिना एकटेन सगळे खाल्ल्यान. पाच की सहा. नुसती खात हुती, खात हुती, त्या दाराकडे बघीत."

मी म्हटलं, "मावशी? वडे?"

आईने कप खाली ठेवला.

"माझ्यापेक्षा ती जास्त भियाली हुती रे," ती म्हणाली. "तुका तयार करून तिनाच धाडल्यान मां."